खोली सोडताना सामान कधी आणि कोणाला विकावे?

बालाघाटचा:

नमस्कार. पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघे जण राहतो. सरळसेवा भरतीतून माझी निवड झाली असून पुढच्या महिन्यात मला लातूरला रुजू व्हायचे आहे, त्यामुळे ३१ मेच्या आत खोली सोडायची आहे. स्पर्धा परीक्षांच्या पाच वर्षांत जमलेले सामान विकताना जे अनुभव आले, ते इथे सविस्तर मांडत आहे. दरवर्षी मे-जूनमध्ये आमच्यासारखी असंख्य मुले-मुली खोल्या सोडतात आणि चांगले वापरातले सामान शेवटच्या रात्री मातीमोल भावाने देऊन टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहत आलो आहे.

दोन वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतली खोली सोडताना मीही तेच केले होते. माझा लोखंडी पलंग मी २,२०० रुपयांना घेतला होता. सकाळी किल्ली द्यायची होती आणि रात्री साडेनऊ वाजता मी भंगारवाल्याला बोलावले. त्याने पलंगाची चौकट उभी केली, ताणकाट्याचा आकडा वरच्या पट्टीत अडकवला आणि आम्ही दोघांनी मिळून ती उचलली. काट्यावर साडेतेरा किलो भरले. लोखंडाच्या भावाने साडेतीनशे रुपये माझ्या हातात आले. अभ्यासाच्या टेबलाला त्याने नुसता हात लावून पाहिला, ‘प्लायला भाव नाही’ म्हणाला आणि न्यायचेच असेल तर वर पन्नास रुपये मागितले. त्याचे काहीच चुकले नव्हते, कारण त्याचा व्यवहार वजनावर चालतो. त्या पलंगावर झोपणारा माणूस शोधणे हे त्याचे काम नव्हते, माझे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशव्या घेऊन जिना उतरत असताना त्याच खोलीत राहायला आलेला अहिल्यानगरचा मुलगा भेटला आणि त्याने मला पहिला प्रश्न विचारला, ‘इथे पलंग स्वस्तात कुठे मिळेल?’

तो प्रश्न मला फार लागला. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की जुनेपणाने सामानाची किंमत जेवढी उतरते, त्याहून कितीतरी जास्त ती आपल्या घाईमुळे उतरते. म्हणून या वेळी मी २० एप्रिललाच वहीत यादी केली आणि प्रत्येक वस्तूपुढे तिची सध्याची नवी किंमत, तिच्यातले दोष आणि ती कोणत्या तारखेपर्यंत मला लागणार आहे, हे लिहिले.

त्या यादीतून पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की प्रत्येक वस्तूचा हंगाम वेगळा असतो. कूलरला एप्रिलमध्ये जी मागणी असते, ती पहिला पाऊस पडला की संपते. मी माझा कूलर २५ एप्रिललाच विकला आणि पत्र्याखालच्या खोलीत महिनाभर उकाडा सोसला, पण ४,५०० रुपयांच्या कूलरचे २,६०० रुपये मिळाले. पलंग, टेबल, खुर्ची आणि गादी यांचे खरे गिऱ्हाईक मात्र जूनच्या मध्यापासून, प्रवेश सुरू झाल्यावर, गावाकडून येते. आपण मेअखेर जातो आणि ते तीन-चार आठवड्यांनी येतात. मधल्या या फटीतच सगळे नुकसान होते. ही फट कशी भरावी, हा माझा इथे विचारायचा मुख्य प्रश्न आहे.

पुस्तकांचे गणित आणखी वेगळे आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय आधी २०२३ पासून लागू होणार होता. त्या वर्षी फेब्रुवारीत पुण्यात विद्यार्थ्यांचे आंदोलन झाले आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. त्यामुळे मुख्य परीक्षेच्या बहुपर्यायी प्रश्नसंचांचा माझ्याकडचा जो गठ्ठा २०२४ मध्ये निम्म्या किमतीत सहज गेला असता, त्याला आज कोणी विचारत नाही. पूर्वपरीक्षेचे संच, राज्यघटना व भूगोलाची जाड पुस्तके आणि जुन्या अभ्यासक्रमाची शालेय इतिहासाची पाठ्यपुस्तके अजूनही विचारली जातात. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके घेतात, पण दुकानदाराला ती पुढे विकायची असल्याने त्याचा भाव कमी असणार, हे उघड आहे. अभ्यासिकेच्या सूचनाफलकावर यादी लावल्यावर माझी बहुतेक पुस्तके चार दिवसांत थेट विद्यार्थ्यांकडे गेली. समासात पेन्सिलीने केलेल्या माझ्या खुणा खोडून देऊ का, असे मी एका मुलीला विचारले, तेव्हा तिने त्या तशाच ठेवायला सांगितल्या.

अजून टेबल, खुर्ची, पलंग, मांडणी आणि कापसाची गादी शिल्लक आहे. जाणकारांनी आपापले अनुभव लिहावेत.

सोनचाफा:

तुमचे लिहिणे आवडले. मी दुसऱ्या बाजूने लिहिते. एरंडवण्यातल्या आमच्या घराच्या दोन खोल्या आम्ही अनेक वर्षे विद्यार्थ्यांना भाड्याने देत आलो आहोत, तेव्हा खोल्या रिकाम्या होताना मी बऱ्याचदा पाहिल्या आहेत.

तुम्ही म्हणता ती फट घरमालक सहज भरू शकतो. नवे विद्यार्थी खोली पाहायला मे महिन्यातच येतात. त्या वेळी जुन्या मुलांची आणि त्यांची गाठ घालून दिली, तर व्यवहार जागच्या जागी होतो, टेम्पो लागत नाही आणि जिन्यावरून पलंग उतरवताना भिंतींचे पोपडेही निघत नाहीत. सामान खोलीतच राहते, पैसे एका हातातून दुसऱ्या हातात जातात. मात्र हे तोंडी ठेवू नका. आमच्याकडे एकदा माझ्या सासूबाईंची सागवानी मांडणी तिसऱ्या पिढीतल्या भाडेकरूंनी विकली. मुले मुळीच लबाड नव्हती. आधीच्या मुलांनी ‘हे सगळे सामान तुमचे’ असे सांगून त्यांच्याकडून पैसे घेतले होते, आणि आधीच्यांनाही त्यांच्या आधीच्यांनी तसेच सांगितले होते. चूक माझी होती, कारण मी यादी दिली नव्हती. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. त्यालाच मालकाच्या वस्तूंची यादी जोडली, की कोणाचे काय याबद्दल पुढे वाद राहत नाही. आता मी तसेच करते.

दुसरी गोष्ट गादीची, आणि ती मी कळकळीने सांगते. विकण्याआधी ढेकूण आहेत का ते नीट पाहा. गादीच्या कडेची शिवण बोटाने उलटी करून पाहा, तिथे शाईचे टिपके पडावेत तसे काळे ठिपके दिसतात. पलंगाच्या सांध्यांत आणि स्क्रूच्या भोकांत टॉर्च मारा. ढेकूण खाण्याविना कित्येक महिने तग धरतात, म्हणून खोली महिनाभर बंद होती एवढ्यावर विसंबू नका. उन्हात टाकल्याने वरचे मरतात, पण जाड गादीच्या आत तेवढी उष्णता पोचत नाही. लोखंडी पलंग उकळत्या पाण्याने सांध्यांसकट धुता येतो, पण ढेकूण लागलेली गादी कोणालाही विकू नये आणि फुकटही देऊ नये. गावाहून पहिल्यांदा घर सोडून आलेले पोर त्या गादीवर झोपणार असते.

मुळाकाठ:

सोनचाफाकाकूंशी पूर्ण सहमत आहे. गॅसबद्दल थोडे लिहितो. घरगुती गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर ही कंपनीची मालमत्ता असते, आपण फक्त अनामत रक्कम भरलेली असते. त्यामुळे ते पुढच्या मुलांना विकणे नियमबाह्य आहे. एजन्सीत जोडणी परत करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यावे, म्हणजे अनामत परत मिळते. शेगडी मात्र आपली असते, ती खुशाल विकावी. आणि पाणी तापवण्याचा जुना रॉड विकूच नये. वायरीजवळचे आवरण तडकलेले असले, तर पाण्यात वीज उतरते. अशा वस्तूचे दीडशे रुपये आले नाहीत तरी चालेल.

नीरा:

दादा, तुमच्या यादीत फ्रिज दिसत नाही, म्हणून आमचा प्रसंग लिहिते, कारण आमच्या मैत्रिणींमध्ये याच एका गोष्टीवरून जवळजवळ अबोला आला होता.

कर्वेनगरमध्ये आम्ही चौघींनी वर्गणी काढून ८,००० रुपयांना जुना फ्रिज घेतला, प्रत्येकीचे २,००० रुपये. वर्षभराने एक जण नोकरी लागून गेली आणि तिने २,००० रुपये परत मागितले. तिच्या जागी आलेली मुलगी म्हणाली की फ्रिज वर्षभर वापरून झाला आहे, तेव्हा मी १,२०० देईन. उरलेले ८०० रुपये कोणी सोसायचे, यावर आठवडाभर वाद झाला. जाणारीचे म्हणणे होते की मी माझ्या वाट्याचे सामान नीट सोडून जात आहे, तर आम्हाला वाटत होते की वापराची झीज तिनेही सोसली पाहिजे. शेवटी आम्ही असे ठरवले की फ्रिज आज बाहेर विकला तर किती येतील, हे दोन ठिकाणी विचारायचे आणि त्या रकमेचा चौथा हिस्सा जाणारीला द्यायचा. दोन्हीकडून ५,००० च्या आसपास भाव आला, म्हणून तिला १,२५० रुपये मिळाले आणि तेवढेच नव्या मुलीने भरले. कोणालाच फार आनंद झाला नाही, पण कोणाला फसल्यासारखेही वाटले नाही.

आता फ्रिजच्या आतल्या बाजूला, भाजीच्या खणाच्या वर, आम्ही एक कागद चिकटवला आहे. फ्रिज कधी घेतला, कितीला घेतला, सध्या कोणाकोणाचा हिस्सा आहे, दुरुस्तीला कधी किती लागले, हे त्यावर तारीखवार लिहिले आहे. गॅस भरण्याचे १,८०० रुपयेसुद्धा त्यात आहेत. माझी सर्वांना विनंती आहे की वर्गणीची वस्तू घेतानाच हे लिहून ठेवा, कारण जाण्याच्या वेळी परीक्षा, नोकरी आणि घरचे फोन यांच्या गर्दीत शांत डोक्याने हिशेब होत नाही.

साधा हिशेब:

मी गेल्या वर्षी याच दिवसांत ९,००० रुपये गमावले. इतरांच्या बाबतीत तसे होऊ नये म्हणून लिहीत आहे. जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर मी टेबल आणि खुर्चीची जाहिरात दिली होती. पाच मिनिटांत फोन आला. समोरच्याने आपण सैन्यात असून नुकतीच पुण्यात बदली झाल्याचे सांगितले, गणवेशातले छायाचित्र पाठवले आणि भावाबद्दल एका शब्दानेही घासाघीस केली नाही. मग पैसे पाठवण्यासाठी म्हणून एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. मी घाईत होतो, दुसऱ्या दिवशी खोली सोडायची होती, आणि मी पिन टाकला.

लक्षात ठेवण्यासारखे एवढेच आहे की पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही, तो फक्त पैसे देण्यासाठी लागतो. फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली, तर रक्कम पुढे काढली जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता असते. मी लाजेपोटी दोन दिवस कोणालाच सांगितले नाही, आणि त्या दोन दिवसांनी घात केला. वस्तू न पाहता, घासाघीस न करता जो लगेच पैसे द्यायला निघतो, त्याच्याशी व्यवहार करू नये, हे माझे आता पक्के मत आहे.

यवतमाळ ४४५:

विकत घेणाऱ्याची बाजू मांडतो. मी गेल्या जुलैमध्ये पुण्यात आलो आणि चादर-उशी वगळता सगळे सामान जुनेच घेतले. भावापेक्षाही मला एका गोष्टीचे महत्त्व वाटले, ती म्हणजे विकणाऱ्याने स्वतःहून दोष सांगणे. एका दादाने खुर्ची विकताना ती उलटी करून दाखवली आणि म्हणाले, ‘हा वेल्ड दोनदा तुटला आहे, मागे रेलून बसू नकोस.’ मी ती खुर्ची घेतली, आणि वर त्यांच्याकडूनच पंखा आणि बादल्याही घेतल्या.

मोबाइल किंवा लॅपटॉप जुना घेताना मात्र बिल मागाच. विद्यार्थ्यांच्या खोल्यांतून लॅपटॉप चोरीला जातात आणि चोरीची वस्तू आपल्याकडे सापडली तर चौकशीला आपणच सामोरे जातो. फोनवर *#०६# दाबले की आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक दिसतो. इंग्रजीत KYM असे लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला, की तो फोन काळ्या यादीत टाकला आहे का, हे कळते. विकणाऱ्याने आधी खाते काढून टाकून फोन पूर्ण कोरा करून द्यावा, नाहीतर घेणाऱ्याला तो उघडताही येत नाही.

शिवणे फाटा:

दुचाकीचा विषय राहिला आहे. गाडी मित्राला विकली, पैसे घेतले, किल्ली दिली आणि गावी गेलो, असे करू नका. नमुना २९ आणि ३० भरून आरटीओत हस्तांतरण होईपर्यंत कागदोपत्री मालक आपणच असतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर आहे, त्याच्याकडेच मालक म्हणून पाहिले जाईल, मग गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. अपघात झाला, तर भरपाईची नोटीस आपल्या घरी येते. कर्ज काढून गाडी घेतली असेल, तर बँकेचा बोजाही आधी उतरवावा लागतो. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून यादीत सर्वांत वर दुचाकी असावी.

एल्बकाठ:

मी सध्या जर्मनीत ड्रेस्डेनमध्ये शिकते. बालाघाटचा यांनी ज्याला फट म्हटले आहे, ती भरण्याची इथे एक रुळलेली पद्धत आहे. घर सोडणारा स्वतःच पुढचा भाडेकरू शोधतो, त्याला नाखमीटर म्हणतात, आणि घरमालकाला तो पसंत पडला की आपले सामान ठरलेल्या रकमेला त्याच्याकडेच सोपवतो. इथे बरीच घरे स्वयंपाकघराच्या ओट्या-कपाटांशिवाय भाड्याने मिळतात, त्यामुळे ओटा, शेगडी आणि सिंकसुद्धा एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे विकत जाते. मी आले तेव्हा माझ्या आधी राहणाऱ्या मुलीने खोलीचे फोटो, मोजमापे आणि प्रत्येक वस्तूची किंमत एका कागदावर लिहून मला पुण्यातच पाठवली होती, म्हणून विमानातून उतरल्यावर पहिल्या रात्री मला झोपायला पलंग होता. सोनचाफाकाकू जे करतात, ते जवळजवळ हेच आहे. मोजमापे लिहिण्याची सवय आपल्याकडेही लावून घ्यावी. पलंग जिन्यातून चढेल की नाही, हे फोटोवरून कळत नाही.

देशावरची:

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. जी वस्तू आपण पाच वर्षे वापरली, तिचे हजार-पाचशे मिळवण्यासाठी एवढी यातायात कशाला? मेसमधल्या मावशींना, वाड्याची झाडलोट करणाऱ्या ताईंना द्यावी, त्यांना उपयोग होतो.

बालाघाटचा:

देशावरची ताई, देण्याला माझा विरोध नाही, आणि ज्याला परवडते त्याने जरूर द्यावे. पण आमच्यापैकी बहुतेकांसाठी हजार रुपये म्हणजे मेसचे दहा-बारा दिवस असतात, आणि गावी परतणाऱ्या प्रत्येकाची निवड झालेली नसते. चार वर्षे घालवून रिकाम्या हाताने जाणाऱ्या मित्राला मी ‘सामान वाटून टाक’ असे सांगू शकत नाही. शिवाय देताना मी एक पथ्य पाळतो, ते म्हणजे आधी विचारायचे. मी मेसमधल्या मावशींना गादी देऊ केली, तेव्हा त्यांनी सांगितले की त्यांच्या घरात ती ठेवायला जागा नाही, त्यांना स्टीलचे दोन डबे आणि प्रेशर कुकर हवा होता. कुकरची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवून मी तो त्यांना दिला. खरोखर मोडके जे आहे, ते दान म्हणून कोणाच्या गळ्यात मारू नये. पुण्यात कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करते. सुका कचरा, बाटल्या आणि रद्दी वेगळी करून त्यांच्या हातात दिली, तर त्यातून त्यांना चार पैसे मिळतात.

मुळाकाठ:

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नेऊन पाहिले का?

बालाघाटचा:

गेल्या रविवारी मांडणीचे फोटो घेऊन तिथे चौकशी केली. लोखंडी हत्यारे, नळाचे सामान, पितळी वस्तू यांना तिथे जाणकार गिऱ्हाईक आहे, पण फर्निचर न्यायचे तर टेम्पोचे ७०० रुपये आणि वर हमाली, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. एकट्या मांडणीसाठी ते परवडत नाही. चार खोल्यांनी मिळून एकच टेम्पो केला, तर कदाचित जमेल.

सोनचाफाकाकूंचा सल्ला वाचून मी आमच्या घरमालकांशी बोललो. त्यांनी जूनसाठी ठरलेल्या दोन मुलांचे क्रमांक दिले. मी त्यांना पलंगाची लांबी-रुंदी, दोन्ही बाजूंचे फोटो आणि किंमत पाठवली, आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालावी लागते, हेही कळवले. पलंग आणि मांडणी मिळून २,४०० रुपये ठरले असून ५०० रुपये विसार आला आहे. दोन्ही वस्तू खोलीतच राहतील, आणि तसा कागद घरमालकांच्या सहीने केला आहे. गादी मात्र मी विकली नाही. शिवण उलटी करून पाहिली, ढेकूण नव्हते, पण एका बाजूचा कापूस पार गोळा झाला होता. पिंजाऱ्याकडे देऊन ती पिंजून, नवी खोळ घालून गावी नेत आहे.

खुर्ची समोरच्या खोलीतल्या मित्राने घेतली. राहिले टेबल. ते नव्याने पुण्यात आलेल्या, जळगावच्या एका मुलीने ६०० रुपयांना ठरवले आहे आणि शनिवारी सकाळी आठ वाजता तिचे वडील ते न्यायला येणार आहेत. जिना अरुंद असल्यामुळे मी आज पाय सोडवून ठेवले. आठही स्क्रू आणि पाना एका पिशवीत घालून फळीच्या खालच्या बाजूला चिकटवला आहे, आणि कोणता पाय कोणत्या कोपऱ्याचा, ते खडूने लिहिले आहे.